मुंबई ते न्यूयॉर्क : विमानाचे अंतर नेमके किती आणि ते कसे काढावे?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. आपली नात शाळेच्या प्रकल्पासाठी मुंबई ते न्यूयॉर्क हे विमानाचे अंतर शोधत आहे. घरातील भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून आणि नकाशाच्या प्रमाणाने गुणून तिला सुमारे १६,५०० किलोमीटर मिळाले. संगणकावर शोधल्यावर साडेबारा हजारांच्या आसपासचे आकडे दिसले. तिचा मामा ज्या विमानाने गेला, त्याचा माग दाखवणाऱ्या ॲपवर मात्र विमानाने साडेतेरा हजार किलोमीटर कापल्याचे दिसले. यांतला खरा आकडा कोणता आणि तो स्वतः कसा काढायचा, असे आपण विचारले आहे.

मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ फ्लाइट डिस्पॅचर म्हणून लांब पल्ल्याच्या उड्डाणांचे नियोजन केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, दुसरा आणि तिसरा हे दोन्ही आकडे बरोबर आहेत, कारण ती दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पहिला आकडा मात्र चुकीचा आहे, आणि त्यात एक नव्हे, दोन चुका एकमेकींत मिसळल्या आहेत. उड्डाण-नियोजनात ‘अंतर’ हा शब्द आम्ही एकट्याने कधीच वापरत नाही. पृथ्वीच्या पाठीवरचे सर्वांत कमी अंतर, ठरवलेल्या मार्गाचे अंतर आणि हवेतून कापलेले अंतर ही तीन वेगळी मापे आहेत, आणि कोणते माप हवे ते आधी ठरवावे लागते.

प्रथम नकाशाची चूक पाहू. भिंतीवरचे जगाचे अनेक नकाशे मर्केटर प्रक्षेपणाचे, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या एका विशिष्ट पद्धतीचे असतात. गेरार्ड मर्केटर याने १५६९ मध्ये ही पद्धत दर्यावर्दी लोकांसाठी तयार केली. होकायंत्राची दिशा न बदलता जहाज जात राहिले, तर त्याचा मार्ग या नकाशावर सरळ रेषेत उमटतो, हा तिचा गुण. त्याची किंमत अशी की, विषुववृत्तापासून दूर जावे तसा नकाशा ताणला जातो. ६० अंश अक्षांशावर एक किलोमीटर विषुववृत्तावरच्या एक किलोमीटरच्या दुप्पट लांब दिसतो, आणि न्यूयॉर्कच्या अक्षांशावर सुमारे १.३२ पट. कोपऱ्यात छापलेले प्रमाण बहुधा विषुववृत्तावरचे असते. ते सगळीकडे लागू केल्यामुळे १६,५०० हा आकडा आला. ताण काढून टाकून तीच पट्टीची रेषा मोजली, तर ती सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जेरिया आणि मोरोक्को यांवरून जाणारी ही रेषा सतत जवळजवळ २८० अंश दिशेला, म्हणजे पश्चिमेच्या किंचित उत्तरेला, धरून राहते.

पण १४,२०० हे सुद्धा सर्वांत कमी अंतर नव्हे, आणि ही दुसरी चूक अधिक मूलभूत आहे. गोलावरच्या दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग त्या दोन बिंदूंतून आणि गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने गोल कापला असता मिळतो. त्याला बृहत्‌वृत्त म्हणतात. हे डोळ्यांनी पटवून घेण्यासाठी घरात पृथ्वीचा गोल असल्यास एक दोरा घ्यावा, मुंबई आणि न्यूयॉर्क यांवर त्याची टोके धरावीत आणि तो ताणून बसवावा. दोरा पश्चिमेला न जाता उत्तरेला चढतो. माझ्या हिशोबाने तो खंबातच्या आखाताच्या तोंडावरून, सौराष्ट्र आणि कच्छच्या रणावरून, सिंध व कंदाहारच्या बाजूने मध्य आशियात शिरतो. मॉस्कोच्या आग्नेयेला असलेल्या रियाझान शहराजवळून, पुढे सेंट पीटर्सबर्ग आणि हेलसिंकी यांच्या जवळून, नॉर्वेतील ट्रॉन्हाइमच्या आसपास समुद्रावर येतो. आइसलँडच्या अलीकडे, ६४.७ अंश उत्तर अक्षांशावर, तो सर्वांत उत्तरेला पोचतो. नंतर रेक्याविक, ग्रीनलंडचे दक्षिण टोक, लॅब्राडोर आणि मेन या क्रमाने उतरत न्यूयॉर्कला येतो. मुंबईहून निघताना त्याची दिशा ३३३ अंश, म्हणजे वायव्येहूनही उत्तरेकडे झुकलेली असते, आणि न्यूयॉर्कला पोचताना २१४ अंश, म्हणजे नैर्ऋत्येकडची. वाटेत कुठेही वळण न घेता होकायंत्रावरची दिशा मात्र ११९ अंशांनी बदलते. नव्या प्रशिक्षणार्थींना हे पहिल्या दिवशी पटत नाही, आणि दोरा हाती दिल्यावर लगेच पटते. गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर दोऱ्याची लांबी सुमारे साडेएकोणतीस सेंटिमीटर भरेल. अशा गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे जवळपास ४२५ किलोमीटर, त्यामुळे दोन मिलिमीटरची चूक सुमारे ८५ किलोमीटरची होते. नातीने प्रकल्पात दोऱ्याचा हा प्रयोग जरूर घ्यावा. पण आकडा मात्र गणिताने काढावा.

गणितासाठी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश लागतात. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ १९ अंश ५ मिनिटे १९ सेकंद उत्तर आणि ७२ अंश ५२ मिनिटे ५ सेकंद पूर्व येथे आहे. न्यूयॉर्कचे जॉन एफ. केनेडी विमानतळ ४० अंश ३८ मिनिटे २३ सेकंद उत्तर आणि ७३ अंश ४६ मिनिटे ४४ सेकंद पश्चिम येथे. हे आधी दशांशात आणावेत : मिनिटांना ६० ने, सेकंदांना ३६०० ने भागून अंशांत मिळवावे. मुंबई १९.०८९ व ७२.८६८, न्यूयॉर्क ४०.६४० व उणे ७३.७७९. पश्चिम रेखांश उणे धरायचे, हे विसरू नये. उणे चिन्ह लावायचे राहून गेले, तर न्यूयॉर्कचा बिंदू थेट किर्गिझस्तानच्या डोंगरांत जाऊन पडतो आणि अंतर २,४०० किलोमीटर येते. ही चूक निदान लगेच लक्षात येते. लक्षात न येणारी चूक म्हणजे ४० अंश ३८ मिनिटे २३ सेकंद हे जसेच्या तसे ४०.३८२३ असे लिहिणे. त्यामुळे बिंदू सुमारे २९ किलोमीटर दक्षिणेला सरकतो, उत्तर पाहायला अगदी सुसंगत वाटते, आणि कोणालाही शंका येत नाही. कामाच्या पहिल्या वर्षी एका पर्यायी विमानतळाच्या बाबतीत माझ्या हातून हेच घडले होते. ज्येष्ठ सहकाऱ्याने पुन्हा हिशोब करायला लावला, म्हणून कागद पुढे जाण्याआधी ती चूक सापडली. तेव्हापासून मिनिटांचे दशांश मी दोनदा तपासतो.

आता सूत्र. दोन ठिकाणांमधल्या कंसाचा पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन ‘क’ मानला, तर

कोसाइन क = (साइन अ१ × साइन अ२) + (कोसाइन अ१ × कोसाइन अ२ × कोसाइन र)

येथे अ१ आणि अ२ हे अक्षांश, आणि र म्हणजे रेखांशांतील फरक. आपल्या उदाहरणात फरक ७२.८६८ अधिक ७३.७७९, म्हणजे १४६.६४७ अंश. किंमती घातल्यावर पहिला गुणाकार ०.३२७० × ०.६५१३ = ०.२१३०. दुसऱ्यात १४६.६४७ अंशांचा कोसाइन उणे ०.८३५३ असल्यामुळे ०.९४५० × ०.७५८८ × (उणे ०.८३५३) = उणे ०.५९९०. बेरीज उणे ०.३८६०, आणि व्यस्त कोसाइन घेतल्यावर कोन ११२.७ अंश येतो. तो ९० अंशांहून मोठा आहे, म्हणजे न्यूयॉर्क आपल्यापासून पाव पृथ्वीपेक्षाही दूर आहे, ही बाब पुढे उपयोगी पडेल. गणकयंत्र अंशांत लावलेले आहे की रेडियनमध्ये, हे आधी पाहून घ्यावे. जाता जाता नातीला हेही सांगावे की, साइन हा शब्द संस्कृत ‘ज्या’पासून निघून ‘जीवा’, अरबी ‘जैब’ आणि लॅटिन ‘सायनस’ असा प्रवास करून परत आपल्या पुस्तकांत आलेला आहे.

कोनावरून अंतर काढण्याचे दोन प्रघात आहेत. वैमानिक आणि आम्ही नियोजक नॉटिकल मैलांत काम करतो, कारण एक नॉटिकल मैल म्हणजे मुळात कंसाचे एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग. म्हणून ११२.७०५ अंशांना ६० ने गुणले की ६,७६२ नॉटिकल मैल मिळतात. एक नॉटिकल मैल १,८५२ मीटरचा ठरलेला असल्यामुळे हे १२,५२४ किलोमीटर होतात. दुसरा प्रघात पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरण्याचा. त्यात एका अंशाला १११.१९५ किलोमीटर येतात आणि अंतर १२,५३२ किलोमीटर भरते. आठ किलोमीटरचा हा फरक गणिताच्या चुकीचा नसून पृथ्वी किती मोठी मानली याचा आहे. अमेरिकी स्रोतांत हेच अंतर ७,७८७ मैल असे दिसेल, कारण तिथले मैल जमिनीवरचे, १.६०९ किलोमीटरचे असतात. या दोन प्रकारच्या मैलांची गल्लत झाल्यास पंधरा टक्क्यांची चूक होते, म्हणून एकक लिहिल्याशिवाय आकडा लिहू नये.

मुळात पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्ताकडे तिची त्रिज्या ६,३७८.१ किलोमीटर, तर ध्रुवाकडे ६,३५६.८ किलोमीटर आहे. विमानवाहतुकीत १९९८ पासून जगभर डब्ल्यूजीएस-८४ हे एकच प्रमाण-लंबगोल, म्हणजे पृथ्वीच्या किंचित चपट्या आकाराचे ठरवून दिलेले रूप, वापरले जाते. त्यावर हिशोब केल्यास मुंबई–न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर येते, म्हणजे गोलाच्या हिशोबापेक्षा सतरा-अठरा किलोमीटर जास्त. थॅडियस विन्सेंटी यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत त्यासाठी बरीच वर्षे वापरात आहे. पृथ्वीवर जवळजवळ समोरासमोर असलेल्या बिंदूंसाठी मात्र तिचे पुनरावर्ती गणित थांबत नाही, आणि तिथे नव्या पद्धती घ्याव्या लागतात. निरनिराळ्या संकेतस्थळांवर १२,५२०, १२,५३० आणि १२,५५० असे आकडे दिसण्याचे कारण हेच. त्यांत कोणी खोटे बोलत नसते. शालेय प्रकल्पाला गोलाचा हिशोब पुरेसा आहे. एक काळजी तेवढी घ्यावी : मुंबई–पुणे अशा लहान अंतरांसाठी वरचे कोसाइनचे सूत्र वापरू नये. लहान कोनाचा कोसाइन एकाच्या इतका जवळ असतो की, चार दशांश स्थळांच्या गणितात अचूकता नाहीशी होते. तिथे हॅवरसाइनचे, म्हणजे अर्ध्या कोनाच्या साइनचा वर्ग वापरणारे, सूत्र चालते. हे नाव जेम्स इनमन यांनी १८३५ मध्ये नौकानयनाच्या पाठ्यपुस्तकात रूढ केले.

आता मामाच्या ॲपवरच्या साडेतेरा हजारांकडे येतो, आणि माझ्या कामाचा खरा भाग इथे सुरू होतो. विमान बृहत्‌वृत्तावर दोऱ्यासारखे जात नाही. ते आकाशात ठरवून दिलेल्या बिंदूंवरून जाते. त्यांना वेपॉइंट म्हणतात. धावपट्टीवरून बाहेर पडण्याचा मार्ग, मग एअरवे म्हणजे आकाशातला ठरीव हवाई रस्ता, मग उतरण्याआधीचा मार्ग असे तुकडे असतात. प्रत्येक तुकड्याचे बृहत्‌वृत्तीय अंतर वेगळे काढून सर्वांची बेरीज केली की मार्गाचे अंतर मिळते. अटलांटिकवर तर रोज दोनदा, वाऱ्याचा अंदाज पाहून, समांतर मार्गांचा संच जाहीर होतो : दिवसा अमेरिकेकडे जाणाऱ्यांसाठी आणि रात्री युरोपकडे येणाऱ्यांसाठी. त्यामुळे कालचा मार्ग आज असेलच असे नाही.

त्याहून मोठे कारण बंद आकाशाचे आहे. दोऱ्याने दाखवलेला मार्ग पुन्हा पाहावा : पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमधील सत्तांतरानंतर अफगाणिस्तानवरची हवाई वाहतूक-नियंत्रण सेवा थांबली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले आणि रशिया व पाश्चात्त्य देशांनी परस्परांच्या विमानकंपन्यांना मज्जाव केला. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानकंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली. त्याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीपासून जुलैच्या मध्यापर्यंत ती बंद होती. अशा वेळी विमान अरबी समुद्रावरून आखाती देशांकडे, पुढे तुर्कस्तान आणि युरोपवरून काढावे लागते.

अशा वळशाची किंमत किती, हे नातीला स्वतः काढता येईल. मुंबई ते मस्कत १,५९० किलोमीटर, मस्कत ते इस्तंबूल ३,३७०, इस्तंबूल ते न्यूयॉर्क ८,०२७, बेरीज १२,९८७. हा प्रत्यक्षातला मार्ग नव्हे, केवळ हिशोबाचा नमुना आहे, तरी त्यातून एक विलक्षण गोष्ट दिसते. तीस अंश पूर्व रेखांशावर मूळ मार्ग सेंट पीटर्सबर्गजवळून जात होता. हा मार्ग त्याच्या कितीतरी दक्षिणेला, इस्तंबूलजवळ आहे. म्हणजे वाटेच्या मध्यावर विमान बाजूला जवळपास २,००० किलोमीटर सरकले, आणि एकूण अंतर वाढले केवळ ४५५ किलोमीटरने. पाव पृथ्वीहून दूरच्या ठिकाणांचा हा गुणधर्म आहे. दोन ठिकाणे अगदी समोरासमोर असती, तर कोणत्याही दिशेने निघालो तरी अंतर एकच, सुमारे २०,०१५ किलोमीटर, आले असते. न्यूयॉर्क त्या स्थितीच्या वाटेवर आहे, म्हणून बाजूला सरकणे तुलनेने स्वस्त पडते. दिल्ली ते लंडनसारख्या मधल्या पल्ल्यावर तेवढाच वळसा फार महाग पडला असता. लांब उड्डाणांचे नियोजन करताना ही सवलत मला नेहमी आधार वाटत आली. यावर वेपॉइंटचे कोपरे, वादळे आणि उतरण्यापूर्वीचे वळण मिळवले की साडेतेरा हजारांचा आकडा सहज पटतो. विमान अकरा किलोमीटर उंचीवरून जाते त्याने अंतर कितीसे वाढते, असे पुष्कळ जण विचारतात. त्याने केवळ बावीस किलोमीटर वाढतात.

तिसरे अंतर प्रवाशाला दिसत नाही, पण इंधन त्यावरच ठरते. विमान जमिनीवरून नव्हे, हवेतून जाते, आणि ती हवा स्वतः वाहत असते. उत्तर गोलार्धात दहा-बारा किलोमीटर उंचीवर जेट प्रवाह, म्हणजे अतिवेगवान वाऱ्यांचे पट्टे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. गोळाबेरीज आकडे घेऊन हिशोब करू. मार्ग १३,५०० किलोमीटर, म्हणजे सुमारे ७,२९० नॉटिकल मैल. हवेतील वेग ताशी ४८५ नॉटिकल मैल. जाताना सरासरी ३० चा सामोरा वारा, येताना ४० चा पाठीमागचा. जाताना जमिनीवरचा वेग ४५५ आणि वेळ सोळा तास. तेवढ्या वेळात विमान हवेतून ७,७७० नॉटिकल मैल, म्हणजे १४,३९० किलोमीटर कापते. येताना वेग ५२५, वेळ तेरा तास त्रेपन्न मिनिटे, आणि हवेतून कापलेले अंतर ६,७३५ नॉटिकल मैल, म्हणजे १२,४७० किलोमीटर. परतीचे हे अंतर बृहत्‌वृत्ताच्या १२,५३२ पेक्षाही कमी आहे. पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबर फिरतच असते. फरक पडतो तो वाऱ्याने.

म्हणून नियोजकाचा शोध सर्वांत कमी लांबीच्या मार्गाचा नसून सर्वांत कमी वेळेच्या आणि इंधनाच्या मार्गाचा असतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हे उड्डाण अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेले. मार्ग सुमारे १३,९०० ऐवजी १५,३०० किलोमीटर झाला. तरीही पाठीमागच्या वाऱ्यामुळे विमान साडेचौदा तासांत पोचले, म्हणजे आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर.

प्रकल्पाच्या वहीत नातीने ‘मुंबई–न्यूयॉर्क सर्वांत कमी अंतर १२,५३२ किलोमीटर’ असे लिहून शेजारी ‘पृथ्वी गोल, त्रिज्या ६,३७१ किलोमीटर’ अशी नोंद करावी आणि दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश द्यावेत. मामाच्या उड्डाणाचा आकडा स्वतंत्र ओळीत, तारखेसह आणि ‘त्या दिवशीच्या मार्गाचे अंतर’ या नावाने लिहावा. हिशोब बरोबर आला की नाही हे पाहण्यासाठी ठिकाणांची अदलाबदल करून तो पुन्हा करावा : अंतर तंतोतंत तेच आले पाहिजे. निघण्याची दिशा मात्र न्यूयॉर्कहून ३४ अंश, म्हणजे ईशान्येकडची, येईल.